आज्ञा टाइप करून डेटा रेडिओ जुळवणे आणि दुव्यातील दोष शोधणे

नागपूरहून काटोलकडे जाताना कळमेश्वरच्या परिसरात संत्र्याच्या बागा लागतात. तिथल्या एका बागेतील विहिरीत पाण्याची पातळी मोजणारा संवेदक बसवलेला आहे आणि त्याचे आकडे सव्वा किलोमीटरवरील घरातील संगणकापर्यंत रेडिओने येतात. ही जोडणी मी स्वतः केली आणि पहिल्या दोन महिन्यांत ती वारंवार तुटल्यावर खांब उंच करण्यापासून अँटेना बदलण्यापर्यंतचे सगळे खर्चिक उपाय आधी करून पाहिले. खरे तर दोष कुठे आहे हे रेडिओ स्वतःच सांगत होता, फक्त त्याला विचारण्याची भाषा मी वापरत नव्हतो. ती भाषा म्हणजे कळफलकावरून टाइप करायच्या मोजक्या आज्ञा होत. पुढील मार्गदर्शन सिके नावाच्या मुक्त फर्मवेअरवर, म्हणजे रेडिओच्या चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रामवर, चालणाऱ्या छोट्या डेटा रेडिओंना लागू आहे. ड्रोनबरोबर टेलिमेट्रीसाठी, म्हणजे दुरून आकडे मिळवण्यासाठी, मिळणाऱ्या स्वस्त जोड्यांपैकी बहुतेक याच जातीच्या असतात.

येथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्याच उच्चाराची रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक मध्ये जागा न सोडता लिहावेत. प्रत्येक आज्ञेच्या आरंभी येणारे ‘एटी’ हे ‘अटेन्शन’ या शब्दाचे लघुरूप आहे. १९८१ साली हेज कंपनीने टेलिफोनच्या तारेवर चालणारा स्मार्टमोडेम बाजारात आणला, तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली आणि आजच्या बिनतारी उपकरणांतही ती टिकून आहे.

खरेदीपूर्वी पट्टा तपासावा

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा वारंवारतेचा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. त्यात प्रेषकाची शक्ती कमाल १ वॉट, प्रभावी प्रसारित शक्ती ४ वॉट आणि एका वाहिनीची रुंदी २०० किलोहर्ट्झ अशी मर्यादा आहे, तसेच उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता असावी लागते. बाजारात मात्र ९१५ मेगाहर्ट्झचे रेडिओ अधिक दिसतात. ते अमेरिकेच्या नियमांना धरून बनवलेले असून त्यांची ९१५ ते ९२८ ही मर्यादा आपल्याकडे मुक्त नाही, आणि हे फर्मवेअर ९१५ च्या रेडिओला ८६५ पर्यंत खाली येऊही देत नाही. ४३३ मेगाहर्ट्झच्या सवलतीत शक्ती १० मिलिवॉटपुरती आणि वापर घराच्या आतला अपेक्षित आहे, त्यामुळे वावरातील कामासाठी तो पर्याय बाद होतो. म्हणून ८६८ मेगाहर्ट्झचा म्हणून विकला जाणारा रेडिओ घ्यावा आणि आज्ञांनी त्याला ८६५ ते ८६७ मध्ये आणावे. दुकानदाराच्या शब्दावर किंवा वेष्टनावर विसंबू नये. खरे काय ते रेडिओला विचारता येते.

रेडिओशी बोलणे सुरू करणे

रेडिओ यूएसबीने, किंवा यूएसबी नसल्यास ३.३ व्होल्टच्या सिरियल केबलने संगणकाला जोडावा. त्यापूर्वी अँटेना लावलेला असावा, कारण अँटेनाविना प्रसारण केल्यास प्रेषकाचा अंतिम टप्पा खराब होऊ शकतो. विंडोजवर पुटी आणि लिनक्सवर मिनिकॉम हे टर्मिनल, म्हणजे टाइप केलेले रेडिओला पाठवणारे आणि त्याचे उत्तर दाखवणारे प्रोग्राम, पुरेसे आहेत. वेग ५७६००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट आणि फ्लो कंट्रोल (समोरच्याची संमती मिळेपर्यंत डेटा थोपवणे) बंद, अशी मांडणी करावी. यातील शेवटची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बहुधा आधीच चालू असतो आणि केबलमध्ये ती तार नसेल तर टाइप केलेले एकही अक्षर बाहेर पडत नाही. लिनक्सवर आणखी एक अडथळा येतो. मोडेममॅनेजर नावाची सेवा नवे सिरियल उपकरण दिसताच ते मोबाईल मोडेम समजून त्याच्याशी परस्पर बोलू लागते. काम संपेपर्यंत ती सेवा थांबवून ठेवावी.

आता किमान एक सेकंद काहीही टाइप न करता थांबावे, अधिकाची खूण तीन वेळा सलग दाबावी, म्हणजे ‘+++’, आणि पुन्हा एक सेकंद थांबावे. एंटर दाबू नये. पडद्यावर ‘ओके’ उमटले की रेडिओ आज्ञा ऐकण्याच्या स्थितीत आला असे समजावे. दोन्ही बाजूंची शांतता आवश्यक असण्याचे कारण साधे आहे. नेहमीच्या डेटामध्येही तीन अधिक चिन्हे योगायोगाने येऊ शकतात आणि रेडिओने त्यांना आज्ञा समजू नये. याच कारणामुळे डेटा लॉगर, म्हणजे संवेदकाचे आकडे रेडिओकडे देणारे यंत्र, त्याच तारेवर सतत आकडे पाठवत असेल तर शांततेचा सेकंद कधी मिळतच नाही आणि ‘ओके’ येत नाही, म्हणून लॉगरची तार आधी काढावी. नवख्यांचा रेडिओ ‘मेलेला’ ठरतो त्यापैकी निम्म्या वेळी मागे एंटरची सवय किंवा लॉगरची तार असते, असे माझे निरीक्षण आहे. उरलेल्या वेळी पाठवण्याची आणि घेण्याची तार उलटी लागलेली असते किंवा वेग चुकलेला असतो.

‘ओके’ मिळाल्यावर ‘एटीआय’ लिहून एंटर दाबावे. उत्तरात फर्मवेअरची आवृत्ती आणि बोर्डाचे नाव येते. दोन्ही रेडिओंवर आवृत्ती एकच असली पाहिजे. नसेल तर पुढचे काही करण्यापूर्वी ती एकसारखी करावी. त्यानंतर ‘एटीआय५’ ही आज्ञा द्यावी. ती सर्व सेटिंगांची यादी छापते, आणि ही यादी बदलापूर्वी वहीत उतरवून किंवा फाइलमध्ये साठवून ठेवावी. मूळ स्थितीतील रेडिओच्या यादीत एस८ आणि एस९ हे किमान आणि कमाल वारंवारतेचे आकडे किलोहर्ट्झमध्ये दिसतात. तिथे ८६८००० आणि ८६९००० असेल तर हवा तो रेडिओ हाती आला आहे, आणि ९१५००० दिसल्यास तो परत करावा.

सेटिंगे बदलणे

सेटिंग वाचण्यासाठी ‘एटीएस३?’ आणि बदलण्यासाठी ‘एटीएस३=७७’ अशी रचना वापरतात. आज्ञा स्वीकारली गेली की ‘ओके’ येते, पण तेवढ्याने बदल पक्का होत नाही. तो कायम स्मृतीत लिहिण्यासाठी ‘एटी&डब्ल्यू’ आणि अमलात आणण्यासाठी रेडिओ पुन्हा सुरू करणारी ‘एटीझेड’ अशा दोन आज्ञा याच क्रमाने द्याव्या लागतात. पहिली विसरून दुसरी दिली तर सगळे बदल पुसले जातात आणि चूक मात्र कुठेही दिसत नाही.

घरच्या टेबलावरच दोन्ही रेडिओ आळीपाळीने केबलला जोडून खालील बदल करावेत. एस८ मध्ये ८६५०००, एस९ मध्ये ८६७००० आणि वाहिन्यांच्या संख्येच्या एस१० मध्ये ८ लिहावे. फर्मवेअर उपलब्ध रुंदीला वाहिन्यांच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या आकड्याने भागते, त्यामुळे २ मेगाहर्ट्झमध्ये ८ वाहिन्या धरल्यास दोन वाहिन्यांमधील अंतर २०० किलोहर्ट्झ पडते. एस३ हा जाळ्याचा क्रमांक असून तो ० ते ४९९ च्या दरम्यान असतो. मूळ क्रमांक २५ आहे, आणि तो जो तो तसाच ठेवत असल्यामुळे शेजारच्या बागेत उद्या अशीच जोडी आली तर दोन्ही एकमेकांत मिसळतील. एस६ मध्ये ड्रोनच्या संदेशांची मांडणी चालू असते. साधे आकडे पाठवायचे असल्यास तिथे ० लिहावे.

खरा विचार एस२, म्हणजे हवेतील वेग, ठरवताना करावा. मूळ आकडा ६४ आहे, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. विहिरीच्या पातळीचे चाळीसेक अक्षरांचे एक वाक्य दहा सेकंदांतून एकदा पाठवायला एवढा वेग कशासाठी? वेग चौथाईवर, म्हणजे १६ वर आणला की ग्राहकाची संवेदनक्षमता तत्त्वतः ६ डेसिबेलने सुधारते आणि मोकळ्या जागेत ६ डेसिबेल म्हणजे दुप्पट अंतर. हा फायदा फुकट मिळतो, तरीही लोक तो सोडून महागडा अँटेना घ्यायला नागपूरच्या बाजारातली सीताबर्डी गाठतात. मीही गाठली होती. एस५ मधील चूकदुरुस्ती चालू केल्यास गोले नावाच्या चूकदुरुस्ती संकेतामुळे दर २४ बिटांत ३ बिटांपर्यंतच्या चुका सुधारल्या जातात, पण उपयुक्त डेटाचा वेग निम्मा होतो. आपल्या कामात ती किंमत नगण्य आहे, म्हणून तिथे १ ठेवावे.

शक्तीचे सेटिंग एस४ मध्ये असते आणि ते डीबीएममध्ये, म्हणजे १ मिलिवॉटच्या तुलनेतील डेसिबेलमध्ये, लिहितात. २० म्हणजे १०० मिलिवॉट. टेबलावर चाचणी घेताना ते १ किंवा २ ठेवावे आणि रेडिओंमध्ये काही मीटर अंतर राखावे, कारण शेजारी शेजारी ठेवलेले दोन रेडिओ पूर्ण शक्तीवर एकमेकांच्या ग्राहकाला बधिर करतात आणि चांगला दुवाही तुटक दिसतो. बागेत नेण्यापूर्वी मात्र २० करायला विसरू नये. एस१ या तारेवरील वेगाला हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही. लावलाच तर पुढच्या वेळी टर्मिनलचा वेगही तोच ठेवावा लागेल.

आवृत्ती, हवेतील वेग, जाळ्याचा क्रमांक, दोन्ही वारंवारता, वाहिन्यांची संख्या, चूकदुरुस्ती, एस१२ मधील ‘बोलण्यापूर्वी ऐका’ (वाहिनी मोकळी असेल तरच प्रसारण) आणि एस१५ मधील कमाल खिडकी (प्रसारणाच्या एका पाळीचा कमाल वेळ) या गोष्टी दोन्ही टोकांना तंतोतंत सारख्या असल्या पाहिजेत. शक्ती आणि तारेवरील वेग वेगळे असले तरी चालते. दोन्ही रेडिओ चालू केल्यावर हिरवा दिवा लुकलुकत असेल तर शोध चालू आहे आणि तो स्थिर झाला की दुवा जुळला आहे. लाल दिवा डेटा जाताना चमकतो.

दूरच्या टोकाशी घरबसल्या बोलणे

दुवा जुळलेला असताना विहिरीवर जाण्याची गरज पडत नाही. घरच्या रेडिओच्या आज्ञास्थितीत ‘एटी’ ऐवजी ‘आरटी’ लिहिले की आज्ञा हवेतून पलीकडच्या रेडिओला जाते. ‘आरटीआय५’ त्याची सेटिंगे दाखवते आणि ‘आरटीएस२=१६’ त्याचा वेग बदलते. येथे क्रम मोडू नये. आधी दूरचा रेडिओ बदलावा, ‘आरटीआय५’ ने बदल खरोखर पोहोचल्याची खात्री करावी, ‘आरटी&डब्ल्यू’ आणि ‘आरटीझेड’ द्यावे, आणि मगच जवळचा बदलावा. जवळचा आधी बदलला तर दुवा त्याच क्षणी तुटतो आणि लॅपटॉप घेऊन चिखलातून विहीर गाठण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुवा कमकुवत असताना आरटी आज्ञा वाटेत हरवू शकते, म्हणून ‘ओके’ न आल्यास तीच आज्ञा पुन्हा द्यावी.

आकडे वाचणे

या सर्व खटाटोपाचे सार ‘एटी&टी=आरएसएसआय’ या एका आज्ञेत आहे. ती देताच दर सेकंदाला एक ओळ पडद्यावर येऊ लागते आणि तिच्यात चार आकडे निर्णायक असतात: आपल्या टोकाला पोहोचणारा सिग्नल, दूरच्या टोकाला पोहोचणारा सिग्नल, आणि त्याच क्रमाने दोन्ही टोकांचा गोंगाट. हे आकडे थेट डीबीएममध्ये नसतात. त्यांना १.९ ने भागून १२७ वजा केल्यास डीबीएम मिळतात. सिग्नल आणि गोंगाट यांतील फरकाला १.९ ने भागले की डेसिबेलमधील शिल्लक कळते. शिल्लक १० च्या खाली गेली की दुवा बेभरवशाचा समजावा. २० च्या वर मी निश्चिंत झोपतो.

सिग्नल किती असायला हवा, याचा अंदाज आधी काढून ठेवावा. सव्वा किलोमीटरवर ८६६ मेगाहर्ट्झला मोकळ्या अवकाशातील घट सुमारे ९३ डेसिबेल येते. प्रेषकाचे २० डीबीएम आणि दोन्ही अँटेनांची प्रत्येकी २ डेसिबेल वाढ धरल्यास ग्राहकाला उणे ६९ डीबीएम, म्हणजे पडद्यावर ११० च्या आसपास आकडा मिळायला हवा. माझ्याकडे तो ९६ आणि ९४ येत होता. म्हणजे ७-८ डेसिबेलची तूट होती आणि तिचे कारण समोरच उभे होते. या अंतरावर दोन अँटेनांमधील सरळ रेषेभोवती मध्यभागी सुमारे १० मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो आणि त्याचा ६० टक्के भाग मोकळा असावा असा संकेत आहे. संत्र्याची झाडे आणि बांधावरचा साग त्यात शिरत होते, आणि पावसाळ्यात ओली पाने सिग्नल आणखी शोषतात. मी सगळा दोष झाडांवर टाकून मोकळा झालो होतो.

परंतु चूक सिग्नलमध्ये नव्हती. दुवा रात्री उत्तम चालायचा आणि सकाळी आठ-नऊच्या सुमारास तुटू लागायचा, आणि झाडे तर रात्रीही तिथेच असतात. भर दुपारी ओळ पाहिली तेव्हा घरचा गोंगाट ४२ आणि विहिरीवरचा ८८ होता. घरच्या टोकाची शिल्लक ५४ भागिले १.९, म्हणजे २८ डेसिबेल, तर विहिरीवरची अवघी ३. विहिरीवरचा रेडिओ सौर चार्जरच्या शेजारी एकाच पेटीत बसवलेला होता, आणि उन्हात तो चार्जर रेडिओच्या पट्ट्यात कचरा ओतत होता. रेडिओला दोन मीटरवर स्वतंत्र पेटी दिली आणि चार्जरच्या तारांवर गोंगाट दाबणारी फेराइटची कडी चढवली. गोंगाट ४६ वर आला आणि शिल्लक २५ वर गेली. खांब आणखी वाढवून मिळाले असते त्याहून हे कितीतरी अधिक होते, आणि खर्च एका प्लॅस्टिकच्या पेटीचा.

गोंगाटाचे आणखी एक उगमस्थान म्हणजे मोबाईलचा मनोरा. ८६९ मेगाहर्ट्झपासून वर त्यांचे प्रसारण असते आणि मनोरा जवळ असल्यास स्वस्त ग्राहकाला शेजारचा पट्टा गाळता येत नाही. अशा ठिकाणी अँटेनाची जागा बदलून आकडा पाहणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

सिग्नलच्या जोडीतूनही निदान करता येते. अँटेना, केबल आणि वाट या तिन्ही गोष्टी दोन्ही दिशांना सारखीच घट करतात. त्यामुळे एका टोकाचा अँटेना खराब झाला तरी दोन्ही सिग्नल एकदमच पडतात. दोन्ही पडले असतील तर आधी अँटेनाचा स्क्रू तपासावा, आणि त्यातही मधली पिन पाहावी. दिसायला सारख्या पण उलट्या घडणीच्या दोन जोडण्या बाजारात मिळतात. त्या एकमेकींवर घट्ट बसतात, मात्र आत पिनेला पिन भेटत नाही, आणि दुवा काही मीटरवर चालून पुढे संपतो. याउलट एकाच दिशेचा सिग्नल कमी असेल तर ज्या टोकाकडून तो निघतो त्याचे एस४ वाचावे. टेबलावरचा १ तिथेच राहिलेला असण्याची शक्यता मोठी असते.

ओळीतील ‘आरएक्सई’ हा ग्रहणातील चुकांचा आकडा आहे. तो भराभर वाढत असेल आणि शिल्लकही चांगली असेल तर अधूनमधून येणारा व्यत्यय शोधावा, उदाहरणार्थ मोटरचा स्टार्टर. ‘एसटीएक्स’ आणि ‘एसआरएक्स’ वाढत असतील तर दोष हवेत नसून तारेवर आहे: लॉगर किंवा रेडिओ तारेवर झेपेल त्याहून वेगाने डेटा ओतत आहे. ‘टेम्प’ हे चिपचे तापमान. ते १०० अंशांच्या पुढे गेल्यास फर्मवेअर प्रसारणाचा वेळ आपोआप कापते आणि ती कपात ‘डीसीओ’ मध्ये दिसते. मे महिन्यातील नागपूरच्या दुपारी काळ्या, बंद पेटीत रेडिओ ठेवणाऱ्याने हे दोन आकडे जरूर पाहावेत. पेटी पांढरी असावी आणि पॅनेलच्या सावलीत असावी.

चारही आकडे चांगले असूनही संगणकावरची पातळी विचित्र दिसत असेल तर रेडिओला दोष देऊ नये. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले आणि ती नोंद संवेदकातील बिघाडाची असल्याचे पुढे हवामान खात्याने सांगितले. आकडा सुखरूप पोहोचणे आणि आकडा खरा असणे या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. अशा वेळी संवेदक सुटा करून मोजपट्टीने पातळी घ्यावी.

रेडिओ आज्ञांना अजिबात उत्तर देत नसेल तर प्रथम टर्मिनलचा वेग ९६००, १९२००, ३८४०० आणि ११५२०० असा बदलत ‘+++’ करून पाहावे. उत्तर मिळाल्यास ‘एटी&एफ’ ने मूळ सेटिंगे आणून ‘एटी&डब्ल्यू’ आणि ‘एटीझेड’ द्यावे, आणि वहीतील यादीप्रमाणे सर्व आकडे नव्याने भरावेत. तरीही शांतता असेल तर सीटीएस ही फ्लो कंट्रोलची पिन जमिनीच्या (ग्राउंड) पिनेला जोडून वीज द्यावी. लाल दिवा स्थिर राहिला की रेडिओ फर्मवेअर स्वीकारण्याच्या स्थितीत असतो आणि ते नव्याने चढवता येते.

तपासणी आटोपल्यावर ‘एटी&टी’ एवढीच आज्ञा देऊन दर सेकंदाची ओळ बंद करावी, अन्यथा ती लॉगरच्या डेटामध्ये मिसळत राहते. मग ‘एटीओ’ ने आज्ञास्थितीतून बाहेर यावे, टर्मिनल बंद करावे आणि लॉगरची तार परत लावावी. शेवटी दिनांक, वेळ आणि चारही आकडे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहावेत. आंबिया बहाराची तोड होऊन झाडे हलकी होतील आणि पावसात पुन्हा दाट होतील, तेव्हा तुलना याच आकड्यांशी करायची आहे.